युद्धाची कारणे शिकवताना
(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या भाषणाचा सारांश)



पहिल्या महायुद्धाची कारणे हा शालेय इतिहासातील हमखास येणारा प्रश्न. साम्राज्यवाद, लष्करवाद, गुप्त करार, आक्रमक राष्ट्रवाद आणि तात्कालिक कारण म्हणून साराजेव्हो येथील हत्या, एवढे लिहिले की गुण पदरात पडतात. ही कारणे खोटी नाहीत. परंतु धडा तेथेच संपला, तर युद्ध हे अवर्षणासारखे आपोआप ओढवते, अशी समजूत विद्यार्थ्याच्या मनात नकळत रुजते.

वास्तविक ही सारी कारणे १९१२-१३ सालीही हजर होती. बाल्कन प्रदेशात तेव्हा दोन युद्धे झाली. तरीही युरोपातील बड्या सत्ता परस्परांवर तुटून पडल्या नाहीत. लंडनमध्ये राजदूतांच्या बैठका झाल्या आणि वणवा बाल्कनपुरताच राहिला. मग १९१४ साली निराळे काय घडले? हा प्रश्न वर्गात विचारला गेला, की खरा अभ्यास सुरू होतो.

त्यासाठी फळ्यावर सदतीस दिवसांची एक रेघ आखावी. २८ जूनला १९ वर्षांच्या गाव्रिलो प्रिन्सिपने ऑस्ट्रियाच्या युवराजावर गोळी झाडली. ५ जुलैला जर्मनीने ऑस्ट्रियाला संपूर्ण पाठिंब्याचा शब्द दिला. २३ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियाला ४८ तासांचा निर्वाणीचा खलिता धाडला. सर्बियाने बहुतेक अटी मान्य केल्या. ते उत्तर वाचून युद्धाचे कारण उरले नाही, असे २८ जुलैला खुद्द जर्मन सम्राटाला वाटले. त्याच दिवशी ऑस्ट्रियाने युद्ध पुकारले. २९ जुलैच्या रात्री रशियाच्या झारने संपूर्ण सैन्याच्या जमवाजमवीचा हुकूम मागे घेतला आणि दुसऱ्याच दिवशी, मंत्री व सेनानींच्या आग्रहापुढे नमून, पुन्हा दिला. ४ ऑगस्टला ब्रिटन युद्धात उतरले.

प्रत्येक तारखेपाशी विद्यार्थ्याने थांबून विचारावे: येथे निर्णय कोणाच्या हाती होता? त्याला कशाचे भय होते? दुसरा कोणता मार्ग खुला होता? या युद्धाचा दोष कोणाचा, यावर इतिहासकारांचे आजही एकमत नाही. म्हणून उत्तर पाठ करण्यापेक्षा पुराव्यानिशी मांडण्याचे मोल अधिक.

ब्रिटनपाठोपाठ हिंदुस्थानही त्या युद्धात ओढला गेला. येथील जनतेला कोणी विचारले नाही. दहा लाखांहून अधिक हिंदी सैनिक समुद्रापार गेले. मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. सत्तर हजारांहून अधिक सैनिकांनी प्राण गमावले. दिल्लीच्या इंडिया गेटवर कोरलेली हजारो नावे वाचताना ती सदतीस दिवसांची रेघ आठवावी.

आज दहावीत असलेला विद्यार्थी तीन-चार वर्षांत मतदार होईल. ‘आता युद्धावाचून गत्यंतर नाही’ असे कोणी म्हटले, तर ‘कोणकोणते मार्ग चोखाळून पाहिले?’ असे शांतपणे विचारण्याची सवय त्याला शाळेत लागावी. घरी बातम्या पाहताना पालकांनीही हाच प्रश्न मुलांसमोर ठेवावा.