यंत्रमानव, वेठ आणि आपल्या मुली

(वडखळ येथे पालक व विद्यार्थ्यांच्या सभेत केलेल्या भाषणाचा संक्षेप)



‘रोबोट’ हा शब्द कारेल चापेक या चेक नाटककाराच्या १९२० सालच्या नाटकाने जगाला दिला. ज्या चेक शब्दावरून तो घडला त्याचा अर्थ आहे वेठ. मग प्रश्न असा पडतो की, ज्यांच्या वाट्याला घरातील वेठ सर्वाधिक येते त्या मुलीच रोबोट घडविणाऱ्या विद्यार्थी-संघांत इतक्या थोड्या का?

बुद्धी कमी पडते म्हणून खचित नव्हे. २०१७ साली अफगाणिस्तानातील हेरातच्या मुलींच्या संघाला अमेरिकेने दोनदा व्हिसा नाकारला. तरी अखेर त्या वॉशिंग्टनच्या स्पर्धेत उतरल्याच. २०२० च्या महासाथीत याच संघाने मोटारीचे सुटे भाग वापरून श्वसनयंत्राचा नमुना तयार केला.

खरी अडचण वेळेची आहे, आणि वेळेची वाटणी हा अर्थशास्त्राचाच प्रश्न आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार बिनमोल घरकामात स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवितात, तर असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. संघाचे काम चालते ते शाळा सुटल्यावर. नेमकी तीच वेळ पाणी भरण्याची, भावंडे सांभाळण्याची आणि गावाकडची एस.टी. गाठण्याची असते. मुलगा थांबतो, मुलगी निघून जाते. आणि आपण म्हणतो, ‘मुलींना यंत्रांची आवडच नाही!’

थांबलेल्या मुलीच्या हाती तरी काय येते? तक्ते रंगविणे, अहवाल लिहिणे, पाहुण्यांसमोर बोलणे. पकड आणि सोल्डरिंगची कांडी मुलांकडेच राहते. आपल्या पेण तालुक्यातील गणेशमूर्तींच्या कारखान्यांत नाजूक कामे करणारे बायकांचे हात ज्यांनी पाहिले आहेत, त्यांनी तरी ही श्रमविभागणी निसर्गदत्त मानू नये.

आज शेजारी डोलवीला पोलादाचा कारखाना आहे. उद्योगांतील हातकाम उत्तरोत्तर यंत्राकडे जात आहे. यंत्र ज्याला उमगेल, रोजगार त्याचा. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ केले. निर्णय स्वागतार्ह आहे. परंतु जिच्या हाताने शाळेत एक स्क्रूही फिरविला नाही, ती केवळ शुल्कमाफीच्या बळावर यंत्रशाखा निवडील काय?

म्हणून तीन गोष्टी सुचवितो. संघाचे काम शाळेच्या वेळापत्रकातच बसवावे. संघातील प्रत्येक काम पाळीपाळीने प्रत्येकाने करावे. अहवाल मुलांनी लिहावा, जोडणी मुलींनी करावी, नेतृत्वही आलटून पालटून असावे. आणि पालकहो, स्पर्धेच्या दिवसांत घरचे पाणी मुलाने भरावे. पहिल्या दोन गोष्टी शाळेच्या हाती आहेत. तिसरीला ना अनुदान लागते, ना शासनाचा आदेश. ती आज संध्याकाळपासूनच सुरू करता येईल.