पेल्यामागचें बालपण



बुलढाणा जिल्ह्यांतील एका कास्तकाराचें घर आपण डोळ्यांपुढें आणा. पाऊस लांबला आहे, कापूस हातचा गेला आहे. रात्रीं बाप पिऊन घरीं येतो; आईचा आवाज चढतो व एकाएकीं थांबतो. कणगीच्या आडोशास आठ वर्षांचा मुलगा श्वास रोधून, बापाच्या पावलांवरून आज काय होणार याचा अदमास घेत बसलेला असतो. वऱ्हाडांतील कित्येक घरांत बापानें पुढें विषही घेतलेलें आहे. हाच मुलगा विशींत पेला हातीं धरतो, तेव्हां शेजारी म्हणतात, "बापाच्या वळणावर गेला." हें म्हणणें खोटें नाहीं, पण अपुरें आहे.

भयाची घंटा ज्याच्या देहांत वर्षानुवर्षें वाजत राहिली, त्यास ती पुढें निवांत घरांतही ऐकूं येते. झोंप लागत नाहीं, छाती धडधडते. मद्य ती घंटा घटकाभर बंद करतें. इतरांस जी चैन वाटते, ती त्याच्या लेखीं औषधाची मात्रा असते. आणि हें औषधच पुढें रोग होऊन बसतें.

अमेरिकेंतील फेलिट्टी व अंडा या डॉक्टरांनीं 1998 सालीं एक पाहणी प्रसिद्ध केली. मारहाण, अत्याचार, घरांतील व्यसन अशा बालपणींच्या आपत्तींचे त्यांनीं प्रकार पाडले. चार वा अधिक प्रकार ज्यांच्या वांट्यास आले, त्यांस मद्यासक्ति, मादक द्रव्यें, नैराश्य व आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, असें कांहींच न भोगलेल्यांच्या मानानें, चौपटीपासून बारापटीपर्यंत आढळला. अर्थात् हें विधिलिखित नव्हे. अशा घरांतून निर्व्यसनी माणसें निघतात, आणि सुखवस्तु घरांतूनही मद्यपी निघतात.

मग उपाय कोणता? वर्धा जिल्ह्यांत 1974 पासून दारूबंदी आहे. दुकान बंद करण्याचें मोल मी कमी लेखीत नाहीं. परंतु कणगीआडचा मुलगा कायद्यास दिसत नाहीं. त्याच्याशीं कोणीतरी बोलावेंच लागतें.

पुण्यास डॉ. अनिता व अनिल अवचट यांनीं 1986 सालीं 'मुक्तांगण' सुरू केलें. पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांची देणगी त्यामागें होती. अशा ठिकाणीं प्रथम शरीर सांवरावें लागतें. कारण रोज भरपूर पिणाऱ्यानें वैद्याविना एकदम दारू सोडणें जिवावर बेतूं शकतें. त्यानंतर समुपदेशन. आपल्याकडे यास उपदेश समजतात, आणि उपदेश तर त्या बिचाऱ्यानें सासऱ्यापासून सरपंचापर्यंत सर्वांचा ऐकलेला असतो! समुपदेशक बोलतो थोडें, ऐकतो फार. जुनी जखम तो पहिल्याच दिवशीं उकलीत नाहीं. आधीं मन स्थिर करणें, ओढ केव्हां लागते हें ओळखणें, ती लागतांच काय करावें हें ठरविणें, आणि विश्वास बसल्यावर त्या रात्रींविषयीं बोलणें, असा हा क्रम असतो. "तो मार माझ्या अपराधामुळें नव्हता," हें वाक्य चाळीस वर्षांच्या पुरुषाच्या तोंडून प्रथमच निघतें, तेव्हां कित्येकदां रडेंही फुटतें. व्यसनांतून सुटलेले लोकच तेथें नव्यांस हात देतात. पत्नींसाठीं 'सहचरी' हा निराळा गट आहे. पाय पुन्हां घसरला तर त्यास हाकलून देत नाहींत. तो कोठें घसरला हें पाहतात.

बुलढाण्याहून पुणें दूर, आणि पेरणीच्या दिवसांत तर फारच दूर. परंतु 2022 च्या ऑक्टोबरांत केंद्र सरकारनें 'टेली मानस' ही दूरध्वनिसेवा सुरू केली आहे. क्रमांक 14416, दाम पडत नाहीं, मराठींत बोलतां येतें. पिणारा स्वतः बोलावयास तयार नसेल, तर त्याच्या पत्नीनें बोलावें. आणि घरांत आठ वर्षांचें मूल असेल, तर त्याच्याविषयींही तेथें अवश्य सांगावें.