कोंडी 'होते' की 'केली जाते'?



ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात रोज कानी पडणारा शब्द म्हणजे 'कोंडी'. घोडबंदर रस्त्यावर ती होते, शिळफाट्यावर होते. विधिमंडळात विरोधकांची होते आणि वाटाघाटींतही निर्माण होते. 'कोंडणे' या क्रियापदाचे हे अपत्य. मोकाट गुरांचा कोंडवाडा आणि माणसाचा कोंडमारा ही त्याचीच भावंडे. १९७४ साली दया पवारांनी आपल्या कवितासंग्रहाला 'कोंडवाडा' हे नाव दिले, तेव्हा गावकुसाबाहेरचे सारे जिणे त्या एका शब्दात उभे राहिले.

श्वास अडण्याचे मराठी शब्द दोन प्रकारचे आहेत. 'गुदमरणे', 'घुसमट' यांत कर्ता नाही. जीव जणू आपोआप गुदमरतो. 'गळचेपी' आणि 'मुस्कटदाबी' यांत मात्र गळा चेपणारा हात शब्दातच दिसतो. 'कोंडी' या दोहोंच्या सीमेवर आहे. ती 'झाली' असेही म्हणता येते आणि 'केली' असेही. सत्तेला पहिले क्रियापद नेहमीच सोयीचे वाटत आले आहे.

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी पुकारली गेली. वृत्तपत्रांवर प्रसिद्धिपूर्व तपासणी लादण्यात आली. येरवडा, नाशिक, ठाणे येथील तुरुंगांत विनाचौकशी स्थानबद्ध केलेली माणसे भरली. त्या कारभारास मुस्कटदाबी म्हणताना कोणी अडखळले नाही, कारण हुकुमाखाली सही होती. १९७७ साली मतदारांनी त्या सहीला उत्तर दिले.

रोजच्या कोंडमाऱ्याखाली अशी सही नसते. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ एकमेकींना ओलांडणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लोंबकळणारे प्रवासी रुळांवर पडले. चौघे त्याच दिवशी दगावले. त्यानंतर रेल्वेने नव्या साध्या लोकलनाही आपोआप मिटणारी दारे बसविण्याचे जाहीर केले. आत हवा खेळावी म्हणून दारांना झडपा आणि छतावर हवा सोडणारी यंत्रेही आलीच. दार उघडे ठेवावे तर पडण्याचे भय, मिटावे तर घुसमट! दोष मात्र 'गर्दी'चा. परंतु ठाणे-दिवा पाचव्या-सहाव्या मार्गाची पायाभरणी २००८ साली झाली, तो २०१५ पर्यंत पुरा व्हायचा होता आणि खुला झाला फेब्रुवारी २०२२ मध्ये. ही दिरंगाई गर्दीने केलेली नाही.

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीची गोष्ट वेगळी नाही. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी तेथील रासायनिक कारखान्यांत भीषण स्फोट झाले, दोन्ही वेळा कामगारांचे बळी गेले. एरवी उग्र वासाने जीव गुदमरतो, असे रहिवासी सांगतात. कारखान्यांच्या कुंपणापर्यंत इमारती आपोआप उगवल्या नाहीत, आणि घातक रसायनांचे साठेही कोणाच्या तरी नजरेखालीच राहिले.

म्हणून कार्यकर्त्याचे पहिले काम व्याकरणाचे आहे. निवेदन लिहिताना, फलक रंगविताना, सभेत बोलताना 'कोंडी होते' या वाक्याचा कर्ता शोधावा : कोणत्या खात्याने, कोणत्या वर्षी, कोणता निर्णय घेतला किंवा टाळला? ते उत्तर हाती आले की घुसमटीची गळचेपी होते आणि तक्रारीची मागणी. मराठीत कोंडी फोडता येते. मात्र ती कोणी केली हे आधी ठाऊक असावे लागते.