रोगाची वही



कर्करोग हा काही वसंतातल्या सायंकाळी हौसेने ऐकण्याचा विषय नव्हे. तरीही आपण एवढ्या संख्येने आलात, त्याअर्थी हा रोग आपणांपैकी अनेकांच्या घरचा उंबरा ओलांडून गेलेला आहे असे आम्ही समजतो. आज आम्ही रोगाची भयानक वर्णने करणार नाही. आम्हाला बोलायचे आहे ते नोंदीविषयी. रोगाची नोंद राहिली तर काय साधते आणि न राहिली तर काय बुडते, एवढाच आमचा मुद्दा.

सुरुवात घराजवळूनच करू. याच शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथे १९६८ पासून १९८३ पर्यंत डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. डॉ. सांकळिया, डॉ. ढवळीकर आणि डॉ. अन्सारी यांच्या परिश्रमांतून इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातले शेतकऱ्यांचे एक गाव उजेडात आले. त्या लोकांची एक चाल अशी होती की, लहान मूल दगावले तर दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे आणि त्यांत त्या बाळाला घालून घरातल्या जमिनीखालीच पुरायचे. अशी लहानमोठी मिळून दोनशेहून अधिक दफने तेथे सापडली. अभ्यासकांनी त्यांतली हाडे आणि दात एकेक करून तपासले. कोणते मूल किती वयाचे होते, कोणाची वाढ खुंटली होती, कोणाचे दात किडले होते, हे तीन हजार वर्षांनंतर आपल्याला वाचता आले. आयांनी मायेने पुरले, म्हणून ती वही टिकली.

पण या वहीची पाने अपुरी आहेत. हाडापर्यंत न पोचणारा रोग हाडात लिहिला जात नाही. इनामगावच्या एखाद्या बाईच्या स्तनात गाठ झाली असेल, एखाद्याच्या गळ्यात काही वाढले असेल, तर ते मातीत विरून गेले.

हे तीन हजार वर्षांपूर्वीचे झाले. आता आमच्याच घरची गोष्ट सांगतो. आमच्या आजी ऐन चाळिशीत गेल्या. घरात एवढेच बोलले जाई, की 'तिला छातीत काही झाले होते.' पुढे आत्याबाई गेल्या. तेव्हाही 'गाठ' या शब्दापलीकडे कोणी काही उच्चारले नाही. लेकीबाळींची लग्ने व्हायची होती ना! अखेर आमच्या आतेबहिणीवर पाळी आली. डॉक्टरांनी विचारले, "घरात आणखी कोणाला हा रोग होता का?" आणि आम्ही सर्वांनी, शपथेवर सांगावे तसे सांगितले, "नाही." खोटे बोलण्याचा हेतू नव्हता. आम्हाला खरोखरच ठाऊक नव्हते. लपवलेली गोष्ट दोन पिढ्यांत विसरलेली गोष्ट होते.

त्या प्रश्नाला एवढे महत्त्व का, ते आता पाहू. आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. पेशीने कसे वाढावे आणि कोठे थांबावे, याचा लेख प्रत्येक पेशीत असतो. त्या लेखातले एकेक कलम म्हणजे जनुक. एका पेशीच्या दोन होताना हा सारा लेख नव्याने उतरून घ्यावा लागतो. सातबाराचा उतारा नकलताना कारकुनाची एखादी चूक व्हावी, तशी येथेही चूक होते. पुष्कळशा चुका दुरुस्त होतात, काही निरुपद्रवी ठरतात. पण 'थांब' असे सांगणाऱ्या कलमातच चुका साठत गेल्या, तर ती पेशी वाढत सुटते. यालाच आपण कर्करोग म्हणतो. बहुतेक चुका जन्मानंतर होतात. तंबाखूने त्या होतात, वाढत्या वयाने होतात, काही निव्वळ योगायोगाने होतात. थोड्या कुटुंबांत मात्र सदोष कलम वारशानेच येते. १९९४ आणि १९९५ साली बीआरसीए नावाची अशी दोन जनुके ओळखली गेली. त्यांत दोष असेल तर स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कर्करोगाचा धोका पुष्कळ वाढतो. आई असो वा बाप, ज्याच्याकडे तो दोष असेल त्याच्याकडून तो प्रत्येक अपत्याकडे जाण्याचा संभव निम्मा असतो. हे आधी कळले तर तपासणी लवकर सुरू करता येते. शिवाय अशा गाठींवर ओलापॅरिबसारखी विशिष्ट औषधे चालतात. आमच्या त्या 'नाही'ची किंमत काय होती, ते आपल्या ध्यानात येईल.

आता औषधाचा विचार करू. एकच औषध एकाला लागू पडते आणि दुसऱ्याला पडत नाही, हा आपला रोजचा अनुभव आहे. फुप्फुसाच्या कर्करोगावर जेफिटिनिब नावाची गोळी आली. २००२ साली जपानात तिला मान्यता मिळाली. बहुतेक रोग्यांना तिचा गुण येईना, पण थोड्यांची गाठ झपाट्याने ओसरे. हे कोडे २००४ मध्ये उलगडले. ज्यांच्या गाठीत ईजीएफआर या जनुकात विशिष्ट बदल झालेला असतो, त्यांनाच ही गोळी मानवते. मग आपल्या रोग्यांत असे किती? परक्या देशाचा आकडा येथे कामाचा नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील संशोधकांनी या प्रकारच्या ९०७ भारतीय रोग्यांची तपासणी करून २०१३ साली उत्तर दिले: शंभरात सुमारे २३. युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा हे प्रमाण अधिक आणि चीन-जपानकडच्यांपेक्षा कमी.

दुसरे उदाहरण मुलांचे आहे. रक्ताच्या कर्करोगात लहान मुलांना मर्कॅप्टोप्युरिन हे औषध दीर्घकाळ देतात. काही मुलांना ते नेहमीच्या मात्रेतही सोसत नाही आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोक्याच्या पातळीपर्यंत उतरतात. युरोपीय वंशाच्या लोकांत याचे एक जनुकीय कारण आधीच सापडले होते. आशियातील लोकांत अधिक आढळणारे दुसरे कारण, एनयूडीटी१५ या जनुकातला बदल, ते २०१४ पर्यंत नजरेस आले नव्हते. ज्यांची नोंद आधी झाली, त्यांचे कारण आधी कळले. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. आपले पानच कोरे होते.

ते भरण्याचे काम आपल्याकडे झालेच नाही, असे मात्र कोणी समजू नये. डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी या देशात कर्करोगसंशोधनाचा पाया घातला. १९५२ साली मुंबईत निघालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक. १९६३ मध्ये मुंबईत डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने लोकसंख्येवर आधारलेली देशातली पहिली कर्करोगनोंदणी सुरू झाली. खेड्यांचे काय, हा प्रश्न उरला होता. त्याचे उत्तर १९८७ साली बार्शीने दिले. बार्शी, परंडा आणि भूम या भागातल्या खेड्यांतून कार्यकर्ते फिरू लागले, संशयित रोग्यांना तपासणीस आणू लागले. त्यातून दिसले की, तिकडच्या बायकांत गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वांत पुढे होता, तर मुंबईत स्तनाचा. एकाच राज्यातल्या दोन ठिकाणची ही गत! मुंबईच्या आकड्यांवर बार्शीचा इलाज बेतला असता तर काय झाले असते?

आता तर ही नोंद जनुकांपर्यंत जाऊन पोचली आहे. २०१६ साली टाटा स्मारक केंद्राच्या संशोधकांनी ६२ भारतीय रोग्यांच्या निरोगी पेशींतल्या जनुकलेखांचा एक संग्रह सर्वांसाठी खुला केला. निरोगी पेशी कशासाठी? कारण आपल्या लोकांत जन्मतःच असलेला साधा फरक कोणता आणि गाठीने केलेली चूक कोणती, हे निवडायला चाळणी आपल्याच धान्याची लागते. २०२५ च्या जानेवारीत दहा हजार भारतीयांच्या जनुकलेखांची माहितीही संशोधकांना उपलब्ध करून देण्यात आली. शंभर कोटींहून अधिक लोकांच्या, आणि पिढ्यान्‌पिढ्या जातीतच सोयरिक करणाऱ्या या देशात, ही सुरुवातच म्हणायची.

आपल्या मनात येथे एक शंका आली असेल. आमचे रक्त, आमचा रोग परक्याच्या वहीत का लिहू द्यावा? ही शंका रास्त आहे. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी अमेरिकेत जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत शिक्षण घेतले आणि परत येऊन मुंबईत देशातली पहिली पेशीसंवर्धनशाळा उभारली. त्याच गे यांच्या प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतल्या पेशी वाढवण्यात आल्या. तिला कोणी विचारले नाही. त्या पेशी जगभर गेल्या, विज्ञानाने त्यांच्यावर मोठमोठे शोध लावले, आणि तिच्या मुलाबाळांना वीसाहून अधिक वर्षे याचा पत्ताही नव्हता. विद्या तीच, पण वाट चुकीची. म्हणून आता रोग्याची समजून-उमजून दिलेली संमती घेतल्याशिवाय असे संशोधन करू नये, हा दंडक आहे. नाव गुप्त ठेवणे आणि माहिती जपणे हे वही ठेवणाऱ्याचे कर्तव्य आहे. ते त्याने पाळले की नाही, हे विचारण्याचा आपणांस अधिकार आहे.

तेव्हा आमचे मागणे थोडेच आहे. घरी जाऊन एक साधी वही घ्या. आजी-आजोबा, आत्या, मावशी, काका, मामा यांपैकी कोण कोणत्या रोगाने, कोणत्या वयात गेले, ते लिहा. थोरली माणसे आहेत तोवर त्यांना विचारून घ्या. ती वही मुलींच्या स्वाधीन करा आणि मुलांच्याही. नोंदणीचा कार्यकर्ता दारी आला तर त्याला पाणी द्या आणि खरे सांगा. संशोधनाच्या कागदावर सही करण्यापूर्वी तो वाचून घ्या, प्रश्न विचारा, पटले तर सही करा, न पटले तर नको म्हणा.

इनामगावच्या त्या आयांना कोणी विचारले नाही. विचारणारा जन्माला यायलाच तीन हजार वर्षे लागली. आपल्याला मात्र आज, जिवंतपणी विचारले जात आहे. आमच्या आतेबहिणीला एक मुलगी आहे. तिच्यासाठी आम्ही ती वही लिहायला घेतली आहे. पहिल्या पानावर आजीचे नाव घातले आणि त्यापुढे, इतक्या वर्षांनी, रोगाचे नाव स्पष्ट लिहिले.