रोजकीर्द, खतावणी आणि आपला मोबाईल

(मंडळाच्या व्याख्यानमालेत देवास येथे दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



'रोजच्या कामांचं नियोजन' या विषयावर बोलायला कार्यकारिणीनं सरकारी नोकर पकडला, याचं काहींना हसू येत असेल. अवश्य हसा. मी मूळचा धारचा, नोकरीमुळे देवासकर झालेला. डिप्लोमा करून उपयंत्री झालो आणि आयुष्य रस्ते, पुलिया आणि नस्त्या यांत चाललं आहे. पण आमच्या खात्यात एक वस्तू अशी आहे की तिच्यापुढे मोबाईलमधली सगळी ॲप मला पोरकट वाटतात. ती म्हणजे मापन पुस्तिका. तिच्या पानांवर आधीच क्रमांक घातलेले असतात. मोजमाप कामाच्या जागेवरच, शाईनं लिहायचं. घरी जाऊन आठवून लिहायचं नाही. खोडरबर चालत नाही. आकडा बदलायचा तर आडवी रेघ मारायची आणि सही करायची. पान फाडायचं नाही. हा नियम ज्यानं केला त्याचा माणसाच्या स्मरणशक्तीवर काडीचा विश्वास नव्हता, आणि ते बरंच झालं.

आपल्या पूर्वजांचाही नव्हता. पेशव्यांच्या दफ्तरात रोजकीर्द असे. दिवसभरात जे घडलं, जे आलं-गेलं, ते तारखेच्या क्रमानं एकाखाली एक. त्यात निवड नाही, वर्गवारी नाही. मग त्याच नोंदी खातेवार वेगळ्या काढायच्या, ती खतावणी. हुजूर दफ्तराचेही 'चालते दफ्तर' आणि 'एकबेरीज दफ्तर' असे भाग होते. चालत्यात चालू कारभार. एकबेरजेत सगळ्या खात्यांचे हिशेब येऊन त्यांची वर्गवारी आणि गोषवारे तयार होत. नाना फडणीसांच्या काळात हे दफ्तर फार नेटकं होतं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात त्याची आबाळ झाली. (हे बाजीराव आपल्या धारच्या किल्ल्यात १७७५ साली जन्मले. धारकर ही गोष्ट अभिमानानं सांगतात, दफ्तराची सांगत नाहीत.) तरीही जे उरलं त्यातून गोविंद सखाराम सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड काढले. लिहिणारे जाऊन शंभर-दीडशे वर्षं झाली होती. कुणाला विचारायची सोय नव्हती. कागदांनाच बोलता येत होतं म्हणून ते जमलं.

आता आपल्या मोबाईलकडे या. अमेरिकेतल्या डेव्हिड ॲलन यांचं 'गेटिंग थिंग्ज डन' हे पुस्तक २००१ साली आलं आणि जगभर त्याचे भक्त झाले. डोक्यात असलेलं प्रत्येक काम बाहेर काढून एका जागी लिहा, मग प्रत्येकाचं पुढचं पाऊल ठरवा, आणि आठवड्यातून एकदा सगळी यादी तपासा, असा त्याचा गाभा. इटलीच्या फ्रान्चेस्को सिरिलोनं स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावून पंचवीस-पंचवीस मिनिटं अभ्यास करायची रीत काढली, तीही मुलांना माहीत असते. दोन्ही चांगल्या. पण मी आजूबाजूला पाहतो तेव्हा आपण सगळे रोजकीर्दीपाशीच थांबलेले दिसतो. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज, कुठल्या बिलाचा फोटो, कीपमध्ये अर्धी ओळ, फ्रिजवर चिठ्ठी, पाकिटात पावती. सगळं लिहिलेलं आहे, सापडत मात्र काही नाही. कारण खतावणी कुणी करत नाही. नवं ॲप घेतलं की आठ दिवस उत्साह असतो, कारण ते रिकामं असतं. भरलं की आपण दुसरं शोधतो.

म्हणून मला कुणी विचारलं 'कोणतं ॲप चांगलं?' तर मी विचारतो, 'तुमचा खतावणीचा वार कोणता?' माझा रविवार सकाळ. पोहे होईपर्यंतचा अर्धा तास. खिशातली छोटी डायरी, फोनमधल्या नोंदी आणि शर्टांच्या खिशांतल्या चिठ्ठ्या एका रजिस्टरमध्ये उतरवतो. रजिस्टरला सहाच खाती: कचेरी, घर-जमीन, बँक-विमा, औषधपाणी, मुलांचं शिक्षण, मंडळ. सहाच्या पुढे खाती वाढवू नका. मी एकांकडे एकवीस खाती पाहिली आहेत. त्यांचा रविवार खातं शोधण्यातच जातो.

दुसरी गोष्ट लिहिण्याच्या भाषेची. जिल्ह्यात दर सोमवारी समय-सीमा बैठक असते. तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात कार्यवाही लिहायची असते आणि तिथे एक शब्द ठरलेला असतो: 'प्रक्रियाधीन'. या शब्दासारखी आरामखुर्ची दुसरी नाही. त्यातून काय कळतं? कुणाकडे अडलंय? आता कुणी काय करायचं? काहीच नाही. आपल्या घरच्या याद्याही अशाच असतात. 'वाड्याचं नामांतरण' हे काम नव्हे, ते संकट आहे; पाहिलं की यादी मिटावीशी वाटते. 'बुधवारी नगरपालिकेत जाऊन अर्जाचा नमुना आणि लागणाऱ्या कागदांची यादी आणणे' हे काम. 'शेतीचं बघायचं' असं लिहू नका. 'खसरा आणि बी-१ ची नक्कल काढणे' असं लिहा. गणपतीनं महाभारत लिहून घेताना अट घातली की थांबायचं नाही, आणि व्यासांनी उलट अट घातली की समजल्याशिवाय लिहायचं नाही. यादी करताना मला व्यासांची अट जास्त उपयोगी वाटते.

देवासकरांना एक घरचं उदाहरण देतो, आदर ठेवूनच. १९२१ साली इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर काही महिने थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव यांचा खाजगी सचिव होता. इथली त्याची पत्रं १९५३ साली 'द हिल ऑफ देवी' या नावानं आली. ही टेकडी म्हणजे आपली माताजीची टेकरी. महाराजांवर त्याचा फार जीव होता. बुद्धिमान, भाविक, लोभस माणूस असं चित्र तो रंगवतो. पण नव्या राजवाड्याचं बांधकाम पुरं होण्याआधीच त्याचे जुने भाग ढासळू लागलेले, आणि हौसेनं आणलेल्या वस्तू वापराविना पडून, हेही तो लिहितो. पुढे संस्थान कर्जात बुडालं, १९३३ च्या अखेरीस महाराज पाँडिचेरीला गेले आणि १९३७ मध्ये तिथेच वारले. कारणं अनेक होती, राजकारणही होतं. एका यादीनं संस्थान वाचलं असतं असं म्हणणं हा पोरखेळ होईल. मला फक्त ते अर्धवट बांधकाम डोळ्यांपुढे येतं. सुरू केलेल्या कामांची नोंद ठेवायला माणसं पुष्कळ मिळतात. अर्धवट राहिलेल्या कामांची नोंद समोर धरणारा मात्र राजाकडेही नसतो.

आपल्या घरांत तो असतो, ही भगिनींची कृपा. माळव्यातल्या मराठी घरात भिंतीवर दोन कॅलेंडरं असतात, एक कालनिर्णय आणि एक जबलपूरचं लाला रामस्वरूप. दोन लागतातच, कारण पौर्णिमा उलटली की शेजाऱ्यांचा महिना बदलतो, आपला अमावास्येपर्यंत तोच चालतो. आपला पितृपक्ष भाद्रपदात, त्यांचा आश्विनात. दिवस मात्र एकच! या दोन कॅलेंडरांवर दुधाचे खाडे, गॅसची टाकी लावल्याची तारीख, शाळेची फी, सासूबाईंच्या गोळ्या, सगळं पेन्सिलीनं लिहिलेलं असतं. येता-जाता सगळ्यांना दिसतं, वाचायला पासवर्ड लागत नाही. घरातल्या चौघांना एकाच वेळी दिसणारी यादी अजून कुठल्या फोनला जमलेली मला तरी दिसली नाही.

पासवर्डवरून मुद्द्याचं सांगतो. आपली मुलं पुण्याला, बंगळूरला, काही परदेशात. इथे उरलेत आई-वडील, वाडा, थोडी जमीन आणि वडिलांच्या डोक्यातली माहिती. माझ्या नात्यातल्या एका घरात वडील अचानक गेले. माणूस अत्यंत व्यवस्थित, सगळं तोंडपाठ. पण तोंडपाठच. मुलगा तेरा दिवस इथे होता, त्यातले नऊ दिवस कपाटं उपसण्यात गेले. मुदत ठेव कुठल्या शाखेत, विम्याचा वारस कोण, भाडेकरूचा करार कोरा की सही झालेला, मागच्या गल्लीतल्या भिंतीचा वाद मिटला की 'प्रक्रियाधीन', कुणालाच माहीत नव्हतं. त्या बाईंना दुःख करायलाही सवड मिळाली नाही. वडिलांची रोजकीर्द उत्तम होती, पंचवीस डायऱ्या निघाल्या. पण खतावणी त्यांच्या मेंदूत होती, आणि ती त्यांच्याबरोबर गेली.

मंडळाचंही तेच. मांडव कुणाचा, मागच्या वर्षी किती दिले, वीजजोडणीचा अर्ज कुठे करायचा, हॉलची अनामत परत आली का, हे दोन-तीन काकांना ठाऊक आहे. त्यांनी शंभर वर्षं जगावं. पण त्यांच्याशेजारी बसून एका तरुणानं हे सगळं मंडळाच्या रजिस्टरमध्ये खातेवार उतरवून घ्यावं, आणि ते उत्सव संपल्यावर नको. याच दहा दिवसांत, आरती ते जेवण या वेळेत, काका मोकळे असतात.

भाषण ठरल्यावर एका आजोबांनी मला विचारलं की आमच्या माडीवर मोडी कागदांची गाठोडी आहेत, त्यांचं काय करू? वाचता येत नाहीत. त्यांना मी सांगितलं ते इथेही सांगतो. आत्ता वाचायची गरज नाही. गाठोडं उन्हात टाकू नका, कागद उलगडायची घाई करू नका. फडकं स्वच्छ, सुती घ्या. बाहेर एक चिठ्ठी बांधा: हे कुणाच्या कपाटातून निघालं, कधी निघालं, आत साधारण किती कागद आहेत, आणि तुम्हाला आठवत असेल तर कुठल्या गावच्या जमिनीचे किंवा कुठल्या घराण्याचे. चिठ्ठीखाली तारीख घाला. आणि गाठोडं माडीवर आहे, ही एक ओळ घराच्या रजिस्टरमध्ये 'घर-जमीन' या खात्याखाली लिहा.