बेताच्या पैशांतला कॅमेरा



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आजचा विषय मुक्रर केला तेव्हा श्रोत्यांकडून आलेल्या काही चिठ्ठ्याही त्यांनी माझ्या हवाली केल्या. कोणाला घरच्या लग्नकार्यासाठी लहानसा कॅमेरा हवा आहे, कोणाला पाड्यावरचे उत्सव चित्रित करून ठेवायचे आहेत, आणि कोणाला नुसतीच हौस आहे, जी मला सर्वांत प्रामाणिक वाटली. परंतु कारणे भिन्न असली तरी बहुतेक चिठ्ठ्यांच्या अखेरीस प्रश्न एकच होता, की किती मेगापिक्सेलचा घ्यावा? बारा इंच रुंद आणि आठ इंच उंच असे उत्तम छायाचित्र छापावयाचे, तर इंचाला ३०० बिंदू या हिशेबाने ८६ लाख ४० हजार बिंदू लागतात, आणि ज्याला फोर-के म्हणतात त्या चलच्चित्राच्या एका चौकटीत सुमारे ८३ लाख. आज बाजारात मिळणारा कोणताही बरा कॅमेरा याच्या दुपटीहून अधिक देतो. तेव्हा हा प्रश्न निकाली काढून, जो प्रश्न कोणीच विचारला नाही त्याकडे मी वळतो: आपण चित्रे कोणत्या प्रकाशात काढणार आहोत?

प्रकाशाचा हा हिशेब आपल्याकडील पहिल्या चित्रकारांना चुकला नव्हता. मुंबईत छायाचित्रणाचा व्यवसाय करणाऱ्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, म्हणजे सावेदादांनी, १८९६ साली ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे पाहिल्यावर लंडनहून २१ गिन्यांना रायलीचा कॅमेरा मागविला. त्या काळच्या दराने ही रक्कम साडेतीनशे रुपयांच्या घरात जाते, आणि तेव्हाच्या मध्यमवर्गीय माणसाला ती हलकी खासच नव्हती. त्या यंत्रावर त्यांनी १८९९ साली मलबार हिलच्या हँगिंग गार्डनमध्ये दोन मल्लांची कुस्ती टिपली, आणि १९०१ साली रँग्लर परांजप्यांचे स्वदेशी आगमन. मंदगती फिल्मच्या त्या जमान्यात भर उन्हातल्या विषयावाचून गत्यंतर नव्हते, हे खरे. पण आपल्या यंत्राला काय साधेल हे ओळखून विषय निवडण्याची जी शिस्त त्यात आहे, ती आज दुर्मिळ झाली आहे. दादासाहेब फाळक्यांनी तर १९१२ साली विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून लंडनचा प्रवास केला आणि पन्नास पौंडांच्या विल्यमसन कॅमेऱ्याची खरेदी केली. परत आल्यावर ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी त्यांनी काय चित्रित केले, तर कुंडीतल्या वाटाण्याचे रोप! रोज थोडे थोडे टिपून महिन्याभराची वाढ त्यांनी पडद्यावर मिनिटाभरात दाखविली, आणि भांडवलदाराची खात्री पटविली ती त्या अंकुराने. कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा तो कशावर रोखावयाचा याचा विचार त्यांनी अधिक केला होता, असे मी समजतो.

आता आपल्या मुलखाचा प्रकाश पाहू. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला, त्याचे दप्तर आज या कोळगावात आहे, आणि कचेरीपुढच्या मैदानातील समारंभ भर दुपारी होत असल्याने त्याला कोणताही कॅमेरा चालेल. पण या जिल्ह्यात टिपण्यासारखे जे आहे त्यातले पुष्कळसे अंधारात घडते. तारपानाच रात्री रंगतो. तारपकऱ्याभोवती फेर धरणारी माणसे हाताच्या अंतरावरून जातात, आणि उजेड असतो एखाद्या दिव्याचा किंवा शेकोटीचा. लग्नाच्या वेळी सवाष्णी तांदळाच्या पिठाने गेरूच्या भिंतीवर पालघट देवीचा चौक लिहितात, तो झोपडीच्या आत, जिथे प्रकाश दारातून येईल तेवढाच. तेथे फ्लॅश उडविला की काडीने ओढलेल्या त्या रेषांचा सगळा पोत सपाट होऊन जातो. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणून जगभर नेली, पण भिंतीवरचा चौक मूळ जागीच टिपायचा असेल, तर मंद प्रकाशात पाहू शकणारा डोळा यंत्राला हवा.

तो डोळा म्हणजे सेन्सर आणि भिंग यांची जोडी. स्वस्त कॉम्पॅक्टमध्ये बहुधा १/२.३ इंच या नावाचा सेन्सर असतो, ज्याचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस मिलिमीटर भरते. ‘एक इंची’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्याचे सुमारे ११६, म्हणजे चौपटीहून अधिक, आणि सारख्या भिंगाखाली तितक्याच पटीने प्रकाश त्याच्या वाट्याला येतो. (एक इंची म्हणविणाऱ्या या सेन्सरची कोणतीही बाजू एक इंच भरत नाही, ही नावे दूरचित्रवाणीच्या जुन्या नळ्यांवरून चालत आली आहेत.) भिंगाच्या बाबतीत दुकानदार एफ १.८ हा आकडा मोठ्या अक्षरांत दाखवितो, पण शेजारचा दुसरा आकडा वाचल्यावाचून पैसे देऊ नयेत. सोनीचा पहिला आरएक्स १०० हा २०१२ सालचा नामांकित कॅमेरा घ्या: त्याचे भिंग रुंद बाजूस १.८ आहे, पण झूमच्या टोकाला ४.९ होते, म्हणजे प्रकाश सातपटीहून अधिक घटतो. कॅननचा २०१४ सालचा जी७ एक्स तेवढाच झूम करून २.८ वर थांबतो. फेरात नाचणाऱ्याचा चेहरा जवळ आणावयाचा झाल्यास हा भेद कागदावर राहत नाही.

ज्यांच्या खिशात चांगला मोबाईल आहे त्यांनी लहान सेन्सरचा कॉम्पॅक्ट घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अपवाद फक्त ज्यांना सातपाटीच्या बंदरातून दूरवरची होडी किंवा खाडीतले पक्षी हवेत त्यांचा, कारण तीसपट ऑप्टिकल झूम मोबाईलला दुष्प्राप्य आहे. बाकीच्यांनी जुना का होईना, एक इंची घ्यावा.

चलच्चित्राच्या बाबतीत एक स्थानिक गोष्ट सांगितली पाहिजे. येथून जवळच, तारापूरला, १९६९ पासून देशातले पहिले अणुवीजकेंद्र चालते. तेथून काय किंवा अन्यत्र कोठून काय, आपल्या तारांतून येणारी वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची असते, आणि साध्या चोकवरची ट्यूबलाईट सेकंदाला शंभर वेळा मंदावते. अमेरिकेच्या रिवाजाप्रमाणे सेकंदाला तीस चौकटींवर ठेवलेला कॅमेरा सभागृहात नेला, म्हणजे चित्रात पट्टे धावू लागतात आणि दोष निष्कारण यंत्राच्या माथी येतो. मेनूत ‘पाल’ (PAL) ही पद्धत निवडून पंचवीस चौकटी आणि १/५० शटर ठेवावे. आवाजाचे दुखणे याहून बिकट आहे, कारण किनाऱ्याचा वारा कॅमेऱ्यातल्या माइकला बोलू देत नाही. वर सांगितलेल्या दोन्ही जुन्या कॅमेऱ्यांत बाहेरचा माइक जोडण्याची सोय नाही, आणि फोर-केही नाही. जी७ एक्सच्या २०१९ सालच्या तिसऱ्या आवृत्तीत आणि सोनीच्या २०२० सालच्या झेडव्ही-१ मध्ये दोन्ही आहेत. फोर-के मात्र जागा खाते: सेकंदाला १०० मेगाबिटच्या गतीने एका तासाचे ४५ गिगाबाइट होतात. यासाठी व्ही३० लिहिलेले ६४ चे कार्ड पुरेसे आहे. कार्ड, दुसरी बॅटरी आणि माइक यांसाठी एकूण रकमेचा पाचवा हिस्सा आधीच बाजूला काढावा. पाहुणे मांडवात बसले आणि बॅटरी संपली, हा प्रसंग फार यजमानांवर येतो.

खरेदीसाठी आपण बहुधा मुंबईच्या फोर्टात, बोराबाजारात जाल. तेथे बिलासह आणि बिलाविना असे दोन भाव ऐकू येतील. डिजिटल कॅमेऱ्यावरील वस्तू व सेवा कर १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. तेवढी रक्कम वाचविण्यासाठी हमीपत्र गमावणे मला व्यवहार्य वाटत नाही. जुना माल घेताना भिंग पूर्ण बाहेर काढून ते डगमगते का पाहावे, त्या नळीत केळव्याची वाळू शिरली असल्यास झूम करताना कुरकुर ऐकू येते. छिद्र लहानात लहान करून मोकळ्या आकाशाचे छायाचित्र घ्यावे, म्हणजे सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांनी दिसेल. आणि उजेडासमोर धरून भिंगात कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी नाही ना, हे निरखावे. कॉम्पॅक्टचे भिंग सुटे होत नसल्याने बुरशी साफ करणे खर्चिक पडते, आणि आपल्या दमट किनाऱ्यावर ती एका पावसाळ्यात धरते. नवा असो वा जुना, मृगाच्या आधी कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावा, आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून वापरावा.