ईस्टरची पहाट

शाळेच्या सुट्ट्यांच्या यादीत उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे असतो, ईस्टर नसतो. तो रविवारीच येतो, तेव्हा निराळी सुट्टी द्यायचे कारणच पडत नाही. परिणाम असा की, प्रभू येशूच्या मरणाचा दिवस साऱ्या वर्गाला ठाऊक, आणि तिसऱ्या दिवशीचा पुनरुत्थानाचा सण कोणाच्या गावीही नसतो. एखादे भले गुरुजी गुड फ्रायडेच्याच शुभेच्छा देतात! पोर बिचारे 'थँक्यू सर' म्हणून खाली बसते.

या सणाची तारीख फिरती. 21 मार्चच्या पौर्णिमेनंतरचा, किंवा त्यापुढे जी पौर्णिमा येईल तिच्यानंतरचा, पहिला रविवार. म्हणून 2024 साली तो 31 मार्चला आला, 2025 साली 20 एप्रिलला. पुष्कळदा परीक्षाही त्याच सुमारास. आम्ही पाढे घोकीत घोकीत सण केलेला आहे.

आमचे घराणे नगर जिल्ह्यातले. त्याला आता अहिल्यानगर म्हणतात. नगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम 1831 साली सुरू झाले. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंगांच्या चालीवर भजने रचली, ती आमच्याकडे पेटी आणि टाळांवर म्हणतात. चॉकलेटची अंडी आम्ही पाहिली ती चित्रातच. आजी कांद्याच्या सालपटांबरोबर अंडी उकडी, ती छान तांबूस होत. एकेकाला एकच मिळे.

पण मुलांचे खरे काम शनिवारी असे. चुन्याची बादली आणि कुंचा घेऊन आम्ही कबरस्तानात जात असू. गवत उपटायचे, कबरी पांढऱ्या करायच्या. निम्मा चुना आमच्याच अंगावर! रविवारी पहाटे, अंधार असतानाच, मेणबत्त्या घेऊन सारी मंडळी तिथे जमत. शुभवर्तमानात सुगंधी द्रव्ये घेऊन भल्या पहाटे कबरेकडे गेल्या त्या बायका. आजी हे दरवर्षी सांगे, आणि पुरुषमंडळींकडे पाहून सांगे.

मी चौथीत होतो त्या वर्षी, उपवासकाळात आमचे आजोबा वारले. कबरेची माती अजून ओली होती, तिला चुना कुठला लावणार? पहाटे "प्रभू उठला आहे!" "खरोखर उठला आहे!" असा घोष झाला, आणि माझी धाकटी बहीण मोठ्याने म्हणाली, "मग आपले आजोबा?"

कोणी बोलेना. पाळकसाहेबही थांबले. आजी म्हणाली, "त्यांची वेळ यायचीय, बाळ. आपण वाट पाहायची." बहिणीने फ्रॉकच्या खिशातून आपले अंडे काढले नि मातीवर ठेवले. आत्याबाई कडक. त्या म्हणाल्या, "उचल ते. नैवेद्य नसतो आपल्यात." आजी म्हणाली, "नैवेद्य कुठला? पोरीनं आपला वाटा दिलाय आजोबाला. राहू दे." आत्याबाई काही बोलल्या नाहीत, परंतु परतताना त्यांनी आपल्या वाटणीचे अंडे बहिणीच्या हातावर ठेवले.

माझी मुले शहरात वाढतात. त्यांच्यासाठी बेकरीतून रंगीत साखरेची अंडी येतात, येऊ देत. शनिवारी मात्र आम्ही गावी जातो. आजीची कबर आता आजोबांच्या शेजारी आहे, आणि चुना कोणी लावायचा यावरून दोघांची भांडणे होतात. शिक्षक बंधुभगिनींनो, ईस्टरनंतरच्या सोमवारी एखाद्या मुलाच्या नखांत चुना दिसला, तर हात धुऊन ये म्हणण्याआधी, काल पहाटे कुठे गेला होतास, एवढे त्याला विचारा.